किलोमीटरचे वाङ्मय

जोडून सुट्ट्या आल्या की मराठीत एक विशिष्ट गद्य पिकू लागते. २०२४ मध्ये २६ जानेवारी आणि २०२५ मध्ये १५ ऑगस्ट, दोन्ही दिवस शुक्रवारी आले आणि सलग तीन दिवसांची सोय झाली. अशा सुट्ट्यांत दोन-तीनशे किलोमीटर सायकल चालवून आलेली सुशिक्षित मंडळी जे वृत्तान्त लिहितात, त्यांच्याविषयी आम्हांला बोलायचे आहे. हे वृत्तान्त आमचे विद्यार्थी वाचतात, त्याच साच्यात स्वतः लिहून आणतात, आणि महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत ते 'प्रवासवर्णन' या सदरात छापले जातात. या शेवटच्या गोष्टीला आमची हरकत आहे.

आमचा विरोध सायकलीला नाही, हे आधी स्पष्ट करतो. आम्हीही परभणीच्या रस्त्यांवर हौसेने सायकल चालवतो. 'हे सारे पोट भरलेल्यांचे चोचले' असे म्हणणाऱ्या आमच्या काही सहकाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. फावला वेळ हा गुन्हा असेल तर निम्म्या वाङ्मयावर खटला भरावा लागेल. हौसेने केलेला प्रवास आम्हांला मान्य आहे. त्या प्रवासाची भाषा मान्य नाही.

ही भाषा तपासून पाहावी. पहाटे किती वाजता निघालो, पहिल्या तासात किती अंतर कापले, सरासरी वेग किती पडला, पंक्चर कुठे झाले, पोहे कुठे खाल्ले, शेवटी एकूण किती झाले. मध्ये एखादा सूर्योदय, 'निसर्गाची उधळण' आणि 'स्वतःचा शोध'. क्रियापदे पाहिली तर 'दोनशे मारले', 'घाट सर केला', 'मोहीम फत्ते झाली'. गडकोटांच्या इतिहासातून उचललेले हे शब्द सुट्टीतल्या रपेटीवर चढवले की निवेदक आपोआप वीर होतो आणि मुलूख आपोआप शत्रू. परभणीहून मानवतकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यावर नेमके काय सर झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

या गद्यात रस्ता येतो तो फक्त तक्रारीपुरता. रस्ता लाटांसारखा वरखाली झाला आहे, कडा खचल्या आहेत, पाठ मोडली. मग शासनाला दोन शब्द ऐकवून पुढचा टप्पा. शासनाचा दोष असेलही. पण आमच्याकडची काळी कसदार माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावरचे डांबर तिच्याबरोबर हलते. ज्या मातीने पाठ मोडली तिच्याचवर दोन्ही बाजूंचा कापूस उभा आहे. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, ते या शेतीसाठीच. हे सारे सायकलच्या चाकाखाली असते, वृत्तान्तात मात्र येत नाही, कारण ते सरासरी वेगात मोजता येत नाही.

दोष लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा आहे असेही कोणी समजू नये. ज्या 'ब्रेव्हे'चा हे लेखक अभिमानाने उल्लेख करतात ती फ्रान्समधून आलेली पद्धत आहे. तिचे सूत्र सांभाळणारा पॅरिसमधला ऑडॅक्स क्लब १९०४ पासूनचा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. ठरलेल्या ठिकाणी नोंद करायची आणि वेळेत पोचायचे. ही शर्यत नव्हे. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरही नाही. याचा अर्थ थांबायला, विचारायला, झाडाखाली बसायला नियमानेच सवड ठेवली आहे. आमच्या लेखकांनी त्या पद्धतीतले नोंदपत्र तेवढे उचलले आणि सवड टाकून दिली.

मराठी गद्याला वाट नवीन असती तर आम्ही गप्प बसलो असतो. पण आपले आद्य गद्यच वाटेवरचे आहे. 'लीळाचरित्रा'तले चक्रधर सतत गोदाकाठाने फिरत असतात. 'स्थानपोथी' तर स्थळांचीच नोंद: कोणत्या गावी वास्तव्य कुठे झाले, देवळाचे दार कोणत्या दिशेला, नदी कोणत्या अंगाला. तिच्या कर्त्याने आपण किती दमलो हे सांगितलेले नाही. जागा सापडावी एवढीच त्याला काळजी. गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या वणव्यात आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माझा प्रवास'मध्ये पैशांचा हिशेब आहेच; पण त्या हिशेबातून काळ दिसतो. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि 'वाटचाल' लिहिले. भजन एकत्र आणि जेवण मात्र जातीजातीने वेगळे, ही विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली नाही. थकवा या सर्वांनाच आला असेल. त्यांनी थकव्याला विषय केले नाही.

आता या वृत्तान्तांत कोण नसते ते पाहू. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. शाळा चार किलोमीटरवर धरली तर जाऊन-येऊन आठ. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर सोळाशे किलोमीटर. म्हणजे दोनशेच्या आठ ब्रेव्हे, त्याही दप्तरासह, बिनगिअरच्या सायकलवर. तिला पदक द्या असे आमचे म्हणणे नाही. असली कणव तिच्या काही कामाची नाही. आमचे म्हणणे इतकेच, की पहाटेच्या रस्त्यावर दोन सायकली समोरासमोर येतात तेव्हा एक 'अनुभव' ठरते आणि दुसरी पार्श्वभूमीही होत नाही, हा वाङ्मयीन दोष आहे. कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवून येणारा माणूसही तसाच अदृश्य. ज्या परभणीत १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, तिथल्या लेखणीला कामाला निघालेला माणूस दिसू नये, हे आम्हांला खटकते.

यावर एक उत्तर ठरलेले असते: 'आम्ही साहित्यिक नाही, मित्रांसाठी लिहितो, तुमचे निकष आम्हांला लावू नका.' ठीक आहे, मग त्यास प्रवासवर्णनही म्हणू नका. नोंदवही म्हणा, आमचा काही आक्षेप नाही. पण वार्षिकांकात आणि वर्गात ते त्या नावाने येते तेव्हा ते वाचून विद्यार्थी शिकतो की प्रवास म्हणजे स्वतःची सहनशक्ती मोजणे. त्याच्याशी वाद घालणे हे आमचे कामच आहे.

दुसरे उत्तर असे, की सायकलवरून एवढे दिसत नाही. हे मात्र खरे नव्हे. मोटारीच्या काचेआडून दिसणार नाही ते सायकलवरून दिसते. हवे तिथे पाय टेकता येतो, समोरच्याशी त्याच्याच उंचीवरून बोलता येते. साधन इतके अनुकूल असताना गद्य इतके आंधळे निघते, म्हणून तर आम्ही रागावलो आहोत.

परभणीहून गंगाखेड चाळीसेक किलोमीटर. वाटेत पोखर्णीचा नृसिंह, दैठणा, मग गोदावरी ओलांडली की जनाबाईचे गाव. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखीही पंढरपूरकडे जाताना परभणी-गंगाखेड असाच मार्ग धरते. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेणी वेचणे हे तिच्या कवितेचे द्रव्य. आमचे विद्यार्थी तिच्यावर दहा गुणांचे उत्तर लिहितात, आणि त्यांतला एखादा सायकलवर गंगाखेडला जाऊन आला तर 'ऐंशी पूर्ण' एवढेच सांगतो.

म्हणून वार्षिकांकांच्या संपादकांना आमची एक सूचना आहे. अशा लेखातले सारे आकडे आधी खोडावेत. मागे एक गाव, एक माणूस किंवा निदान एक शेत उरले, तर लेख छापावा. काहीच उरले नाही, तर तो क्रीडा विभागाकडे पाठवावा. तिथे त्याचे योग्य कौतुक होईल.