कशाला? की कसं?

अंध माणसाने काही मोठं करायचं म्हटलं की आपण पटकन म्हणतो, "कशाला?" आणि मागोमाग, "नाही, काळजी वाटते हो!" दोन्ही वाक्यं मी स्वतः बोललेली आहे, म्हणून आज हे लिहिते.

खूप वर्षं झाली. आमच्या वर्गाची सहल रामशेज किल्ल्यावर गेली होती. नाशिकहून जवळ, चढही फार अवघड नाही. वर्गात एक अंध मुलगा होता. तो म्हणाला, "बाई, मीपण वर येणार." मी म्हटलं, "अरे, वर जाऊन तुला काय दिसणार? तू शिपाईकाकांजवळ बस, आम्ही येऊन सगळं सांगू." बसला बिचारा. मुलांनी खाली येऊन त्याला देऊळ, पाण्याची टाकी, तटबंदी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "वर वारा कसा आहे?" कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने गेली. २०१६ मध्ये त्यांनी मनाली ते खारदुंग ला हा प्रवास टँडम सायकलवर केला. या सायकलवर पुढे डोळस माणूस बसतो, मागे अंध, आणि पायडल दोघेही मारतात. १९ मे २०२५ रोजी हिमाचलच्या छोंझिन अंगमो एव्हरेस्टवर पोचल्या. कुणी म्हणेल, बरोबर शेर्पा होते की! अहो, डोळसांबरोबरही असतातच. त्यांना नाही आपण विचारत, चढलात तुम्ही की शेर्पा?

आणि हे फक्त डोंगरापुरतं नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. यूपीएससीत ७७३ वा क्रमांक आला, पण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वे लेखा सेवेत त्यांना घेतलं नाही. बाईंनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. आता सगळे त्यांचं कौतुक करतात. पण दार उघडायच्या वेळी हे कौतुक कुठे होतं?

धोका असतो, हे मला मान्य आहे. दरीला काही दयामाया नसते. पण धोक्यावर उपाय तयारीचा असतो, सराव, दोर, चांगला सोबती. घरी बसवून ठेवणं हा उपाय नव्हे, ती आपली स्वतःची सोय झाली. त्या दिवशी मलाही त्या मुलापेक्षा माझ्या जबाबदारीचीच भीती जास्त वाटत होती, हे आज कबूल करते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शाल-श्रीफळ नंतर द्या, नाही दिलं तरी चालेल. तो बेत सांगायला येतो त्या वेळी "कशाला?" ऐवजी "कसं?" एवढं विचारा. कसं जाणार, सोबत कोण, सराव किती झाला? त्यातून "यंदा नको, पुढच्या वर्षी" असं उत्तर निघालं तरी ते दोघांनी मिळून काढलेलं असेल.

रामशेजला दोन दांडगी मुलं त्याच्या पुढेमागे दिली असती आणि पुढच्याच्या दप्तराला धरून त्याला चालवलं असतं, तर जमलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी "कसं?" असं स्वतःला विचारलंच नाही. वाऱ्याचं उत्तर त्याचं त्याला मिळालं असतं.