खासदारकी गेली, तडसांची मोठी कुस्ती अजून बाकी
देवळीचे पैलवान रामदास तडस. विदर्भ केसरी, मग राजकारण, अन् 2014, 2019 असे दोनदा वर्ध्याचे खासदार. जपानचा अँटोनियो इनोकीही असाच रिंगमधून 1989 ला संसदेत गेला होता. 2024 ला अमर काळेंनी तडसांना पाडलं. पण राज्याच्या कुस्ती संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलं, अन् खरी गोम तिथंच आहे. 2025 मध्ये महाराष्ट्र केसरी दोन झाले! अहिल्यानगरला तडस गटाच्या स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला दुसऱ्या गटाच्या स्पर्धेत वेताळ शेळके. भांडण पदाधिकाऱ्यांचं, घाम पोरांचा. पहाटे उठून जोर-बैठका काढणाऱ्या देवळी-आर्वीच्या पोरानं नाव द्यायचं कोणाकडे? तडस स्वतः मातीतले आहेत. समोरच्या गटाला चर्चेला आधी त्यांनीच बोलवावं.