निळा डाग पुसता येतो, उतरलेले पाणी नाही



शिकारी सुरीचे पाते घरच्या ग्राइंडरवर बिनधास्त घासावे, निळा डाग पडलाच तर पॉलिश पेपरने काढावा, असा सल्ला गेल्या अंकात एका पत्रलेखकाने दिला आहे. यातला पहिला भाग अर्धाच खरा. दुसरा साफ चुकीचा.

अमेरिकेतली हौशी मंडळी ‘ओल्ड हिकरी’ ही खाटकी सुरी घासून तिची शिकारी सुरी करतात. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्सच्या ‘वुडक्राफ्ट’मधल्या (१८८४) सुरीचा आकार त्यांचा विशेष लाडका. ‘ओल्ड हिकरी’चे पोलाद १०९५ जातीचे, सुमारे ०.९५ टक्के कार्बनचे. साधारण २१० अंश सेल्सिअसला ते पिवळसर आणि ३०० च्या आसपास निळे पडते. निळे पडले की पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला; तेवढा भाग मऊ. धार लगेच वळते. पातळ टोक तर बघता बघता तापते.

म्हणून आकार बदलायचा तो पाठीकडून, धारेला हात न लावता. हातमोजे नकोत (ते चाकात अडकतात, ते वेगळेच). उघड्या बोटांना चटका जाणवला की पाते पाण्यात. डोळ्यांवर चष्मा हवाच. शेवटची धार ओल्या दगडावर, हाताने. याला वेळ लागतो, ही पत्रलेखकाची तक्रार रास्त आहे.

आणि निळे पडलेच तर? तेवढे पोलाद सावकाश घासून टाकायचे, नाहीतर पाते लाल तापवून, तेलात विझवून पुन्हा पाणी द्यायचे. पॉलिश पेपरची पाळी त्यानंतर.

— एक वाचक