चित्रातली बाई कोण?

'रंगरसिया'चं नाव काढलं की हॉस्टेलवर लगेच हशा पिकतो. रणजित देसाईंच्या 'राजा रविवर्मा' कादंबरीवरचा केतन मेहतांचा हा सिनेमा २००८ मध्ये लंडनच्या महोत्सवात दाखवला गेला, पण आपल्याकडे थिएटरला लागायला २०१४ उजाडलं. आणि चर्चा कशाची, तर एका सीनची!

माझी तक्रार वेगळीच आहे. चित्रकारावर अश्लीलतेचा खटला चालतो, तो कलेच्या स्वातंत्र्यावर बोलतो, टाळ्या घेतो. पण चेहरा आणि शरीर सुगंधाचं, त्याचं काय? १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि चित्रं घरोघरी पोचली. आपल्या आजीच्या देवघरातही असतील. त्या चित्रांसाठी बसलेल्या बायकांची नावं मात्र कुणाला सांगता येतील?

अंजनीबाई मालपेकर त्यांच्या काही चित्रांच्या मॉडेल होत्या असं सांगतात. पण बाईंची ओळख तेवढीच नाही. भेंडीबाजार घराण्याच्या त्या मोठ्या गायिका. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. मग सिनेमा त्यांच्यावर का नको?

मित्रांनो, आता छापखाना लागत नाही. अगदी आपल्या नंदुरबारातसुद्धा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गॅदरिंगला नाचणाऱ्या मुलीचा फोटो तिला न विचारता ग्रुपवर फिरतो आणि वर म्हणायचं, "अगं, छान तर आलाय!" छान आला म्हणजे परवानगी मिळाली का? आधी तिला विचारा. ती नाही म्हणाली तर डिलीट करा, बस्स.