लेखणीचा उक्ता सौदा

काटोल, नरखेड, वरूडच्या पट्ट्यात संत्र्याची बाग पुष्कळदा फळ झाडावर असतानाच विकली जाते. व्यापारी बागेतून एक फेरी मारतो, एकरकमी आकडा सांगतो आणि गरजवंत शेतकरी बाग उक्ती देऊन टाकतो. पुढे बाजार चढला, तर त्या चढीत त्याचा छदामही नसतो. ही लूट काटोलच्या कार्यकर्त्याला समजावून सांगावी लागत नाही. परंतु हाच उक्ता सौदा चित्रपटसृष्टीने लेखणीशी केला, याकडे मात्र त्याचे क्वचितच लक्ष जाते.

ग. दि. माडगूळकरांचे उदाहरण घ्यावे. १९१९ साली माणदेशातील शेटफळे या दुष्काळी गावी जन्मलेला, मॅट्रिकची पायरीही न ओलांडलेला हा मुलगा पोटासाठी कोल्हापूरच्या चित्रपटव्यवसायात शिरला. 'रामजोशी' (१९४७), 'लाखाची गोष्ट' (१९५२), 'जगाच्या पाठीवर' (१९६०) असे करीत कथा, पटकथा, संवाद वा गीते या ना त्या नात्याने त्यांची लेखणी दीडशेहून अधिक चित्रपटांसाठी राबली. जुन्या औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या बंदिवसाहतीचा प्रयोग त्यांच्या कथेतून 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटात उतरला आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गौरविला गेला. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी त्यांनी आठवड्यामागून आठवडा 'गीतरामायणा'ची ५६ गीते रचली. महाराष्ट्राने त्यांना 'आधुनिक वाल्मीकी' म्हटले, १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले, आणि या गौरवातच आपले कर्तव्य संपले असे मानले.

येथेच खरी गफलत आहे. ज्याला ऋषी म्हटले त्याच्या मजुरीचा हिशेब कोणी विचारीत नाही. प्रतिभेची आरती ओवाळणारा समाज प्रतिभावंताच्या श्रमाला बाजारात कोणता भाव मिळतो हे पाहत नाही, आणि निर्मात्याला नेमके हेच हवे असते.

निर्मात्यांचे वकील म्हणतात की जोखीम त्यांची, म्हणून नफाही त्यांचा. चित्रपट पडला तर पैसा बुडतो, हे खरेच आहे. पण जोखीम चित्रपटगृहातल्या खेळांपुरती असते. गीत त्यानंतर तबकडीवर, रेडिओवर, ध्वनिफितीवर आणि आता मोबाइलवर पिढ्यान्‌पिढ्या कमाई करीत राहते. पहिल्या हंगामाच्या जोखमीवर साऱ्या हंगामांची मालकी सांगणे हा कोणता न्याय? माडगूळकर विधान परिषदेचे सदस्य होते, 'पद्मश्री' होते, त्यांची उपासमार झाली नाही, असेही कोणी म्हणेल. परंतु प्रश्न एका व्यक्तीच्या सुस्थितीचा नसून नियमाचा आहे. ज्यांना कीर्तीचे कवच नव्हते, त्या शेकडो लेखकांना त्याच नियमाने कोरडे ठेवले.

आणि कायदा? मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन गीत लिहून घेतले आणि विरुद्ध करार नसला, तर त्या गीताचा पहिला मालक निर्माताच. त्याच वर्षी १४ डिसेंबरला माडगूळकर गेले. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील मानधनाचा समान वाटा गीतकाराला सोडून देताच येणार नाही, अशी तरतूद संसदेने केली ती २०१२ साली. तेव्हा त्यांच्या मृत्यूला पस्तिसावे वर्ष चालू होते.

याउलट हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी १९६० मध्येच सुमारे पाच महिने लेखण्या खाली ठेवल्या आणि दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणाच्या उत्पन्नात वाटा, तसेच निवृत्तिवेतनाची तरतूद पदरात पाडून घेतली. ते आपल्या लेखकांहून अधिक प्रतिभावान नव्हते. ते संघटित होते, एवढाच फरक.

म्हणून २०१२ च्या कायद्यावर विसंबून स्वस्थ बसणे घातक ठरेल. एकटा लेखक मोठ्या कंपनीसमोर कायद्याचे पुस्तक घेऊन उभा राहिला, तरी काम जाण्याच्या भीतीने पुढे येईल त्या कागदावर सही करतोच. संत्र्याच्या बागेत वा पटकथेच्या वहीत, उक्ता सौदा मोडतो तो एकजुटीनेच. माडगूळकरांचे पुतळे आणि सभागृहे उभारणाऱ्यांनी उभारावीत. कार्यकर्त्यांनी लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, वाजवणाऱ्या माणसाला कामगार म्हणून ओळखावे आणि त्याची संघटना बांधावी. कवीचे ऋण हारतुऱ्यांनी नव्हे, हिशेबाने फिटते.