जन्माआधींचें टोपडें

आजीनें नातवंडाच्या जन्मापूर्वीं त्याचें टोपडें शिवावें कीं शिवूं नये, हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या पृष्ठांवर येण्याजोगा नव्हे, असें आमच्या कांहीं विद्वान् स्नेह्यांना वाटेल. काव्यांतील ध्वनि, कादंबरीचें तंत्र, भाषाशुद्धि असले गहन प्रश्न सोडून प्राध्यापकानें बायकांच्या सुईदोऱ्यांत कां शिरावें? आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या घरांत हीं पृष्ठें वाचलीं जातात त्याच घरांत हा प्रश्न कधीं ना कधीं उपस्थित होतो, आणि त्याचा निकाल बहुधा वाद न होतांच लागतो. कोणी वडीलधारें एक वाक्य बोलतें, आणि अर्धवट शिवलेलें झबलें मुकाट्यानें ट्रंकेच्या तळाशीं जातें. ज्या प्रश्नाचा वादच होत नाहीं त्याचा वाद कोणीतरी काढला पाहिजे.

आमची स्वतःची वस्तुस्थिति अशी. आमची कन्या दौंडास दिली आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें या रीतीप्रमाणें ती येत्या महिन्यांत शिरूरास येईल. दोन्ही गांवांत अंतर पन्नासेक किलोमीटरांचें. एक घोड नदीच्या कांठचें, दुसरें भीमेच्या, आणि ती घोड नदीही पुढें जाऊन भीमेलाच मिळते. रीतिरिवाजांत फारसा भेद असण्याचें कारण नाहीं. तरीपण पांचवा महिना लागतांच आमच्या कुटुंबानें जुनीं मऊ लुगडीं बाहेर काढलीं, चार झबलीं बेतलीं, आणि बाळ मार्गशीर्षाच्या थंडींत येणार म्हणून एका लोंकरीच्या टोपड्याचे टांके सुयांवर घातले, हें कळतांच दौंडाहून विहीणबाईंचा निरोप आला: बाळ मांडीवर येईपर्यंत त्याच्या नांवानें सुईंत दोरा ओवूं नये, आमच्याकडे तशी रीत नाहीं. त्याच सुमारास जांवईबापूंनीं अत्यंत आदरपूर्वक सुचविलें कीं, या वयांत डोळ्यांना ताण देण्याचें कारण नाहीं, हवें तें सर्व पुण्याहून दोन दिवसांत दारांत येऊन पडतें. मायलेकांचीं कारणें परस्परांच्या अगदीं उलट. आईचें शास्त्र जुनें, मुलाचें अद्ययावत. निष्कर्ष मात्र एकच, कीं आजीनें सुई खालीं ठेवावी. या निष्कर्षाशीं आमचें भांडण आहे.

प्रथम विहीणबाईंचा पक्ष घेऊं, कारण तो अधिक आदरणीय आहे. जन्मापूर्वीं कांहीं तयार करूं नये या रूढीला निव्वळ भोळसटपणा म्हणून हंसणारे सुधारक आम्हांला मान्य नाहींत. ती रूढि दुःखांतून आलेली आहे. १९७१ सालींसुद्धां आपल्या देशांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकीं १२९ बालकें वर्षाचीं होण्याआधींच जात असत; त्यापूर्वींच्या पिढ्यांचें तर विचारूंच नये. ज्या घरांत शिवून ठेवलेलीं झबलीं रिकाम्या पाळण्यांत घालून ठेवण्याचा प्रसंग आला, त्या घरांतील बाईनें सुनेला ‘आधीं शिवूं नको’ म्हणून सांगितलें, तर तिच्या मनांतलें शल्य ओळखण्यास पांडित्य लागत नाहीं. तिनें स्वतःच्या मनाला घातलेला तो बांध होता. पण एका बाईनें आपल्या दुःखासाठीं घातलेला बांध दुसऱ्या दहा घरांत कायदा म्हणून कां चालावा? २०२० सालीं तो १२९ चा आंकडा २८ वर उतरला आहे. भय उरलें नाहीं असें नव्हे. परंतु भयाच्या प्रमाणांत रूढीनेंही उतरावें, ही अपेक्षा गैरवाजवी नसावी. ज्या मातेचें एक मूल पूर्वीं गेलें आहे, तिला सुईदोरा नको वाटत असेल तर तिच्यापुढें कोणी शिवूं नये. तो तिचा हक्क आहे. इतरांनीं तिच्या नांवावर हक्क सांगूं नये.

शिवाय या रूढीची पाळणूकही पाहावी. सातव्या महिन्यांत आम्ही डोहाळेजेवण घालतों, लेकीला हिरवी साडी नेसवतों, फुलांची वाडी भरतों, छायाचित्रकार बोलावतों, आणि दोन वाट्यांखालीं पेढा व बर्फी झांकून तिला एक वाटी उचलावयास लावतों. पेढा निघाला कीं टाळ्या अंमळ अधिक वाजतात, हेंही आम्ही पाहिलें आहे. इतका गाजावाजा झाल्यानें अपशकुन होत नाहीं. तो काय तो वीतभर टोपड्यानेंच व्हावयाचा!

खरी हानि मात्र पुढेंच आहे. बाळ पंचांग पाहून येत नाहीं. तें सातव्या-आठव्या महिन्यांतही येतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, ज्यांचें जन्मतः वजन नोंदलें गेलें अशा बालकांपैकीं सुमारें १८ टक्के बालकें अडीच किलोंहून कमी वजनाचीं आढळलीं. अशा बाळाचा पहिला शत्रु थंडी. अंगाच्या मानानें त्याचें डोकें मोठें, आणि ऊब डोक्यांतूनच फार जाते. म्हणून तें जन्मतांच कोरडें करावें, आईच्या उघड्या छातीशीं ठेवावें, डोक्याला टोपडें घालावें, आणि पहिलें स्नान शक्य तर चोवीस तास लांबवावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आतां रात्रीं दोन वाजतां लेकीला कळा सुरू होऊन मोटार तालुक्याच्या दवाखान्याकडे धांवत असतांना हें टोपडें यावें कोठून? रीत पाळलेल्या घरांतून बाळासाठीं ऐनवेळीं निघतें तें बहुधा कोणाचें तरी उपरणें, नाहीं तर पांढरा टॉवेल. धुतलेलें, उन्हांत वाळविलेलें, घडी घालून पिशवींत ठेवलेलें एक टोपडें व दोन दुपटीं ही उत्कंठेची चैन नव्हे. ती तयारी आहे.

फिनलंड नांवाच्या थंड देशानें हें फार पूर्वीं ओळखलें. १९३८ सालापासून तेथील सरकार गरीब मातांना, आणि १९४९ पासून सर्वच मातांना, बाळाच्या कपड्यांची एक पेटी देत आलें आहे. अट एवढीच कीं, चौथा महिना संपण्यापूर्वीं मातेनें वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी. म्हणजे पेटीच्या लोभानें ती वेळेवर दवाखान्यांत येते. आरंभींच्या पेट्यांत तर शिवलेल्या कपड्यांबरोबर कोरें कापडही असे, कारण बाळाचे कपडे आयांनीं घरीं शिवण्याची तेथें रीत होती. विहीणबाई ज्याला अपशकुन म्हणतात तो तेथें राजरोस सरकारी खर्चानें घडत होता, आणि त्या देशाचें कांहीं वाईट झालेलें नाहीं.

जुन्या रीतींपैकीं एक मात्र आम्ही डोक्यावर घेतों. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवें कापड लावूं नये, जुनेंच लावावें, असें पुष्कळ घरांत पाळतात. यांत शहाणपण आहे. कोऱ्या कापडाला खळ असते, तें ताठ असतें, त्याचा रंग कसा निघेल हें ठाऊक नसतें. उलट वीस वर्षें धुतलेलें सुती लुगडें सायीसारखें मऊ होतें, घाम आणि ओल टिपून घेतें, व उकळत्या पाण्यांत टाकलें तरी बिघडत नाहीं. विहीणबाईंना आम्ही हेंच कळविलें आहे, कीं जुन्या लुगड्याचें दुपटें शिवण्यांत नवें असें कांहीं नाहींच; तेव्हां त्यांच्या रीतीला बाध येत नाहीं. हा थोडा वकिली कावा झाला, हें आम्ही जाणतों.

आतां जांवईबापूंचा पक्ष. ‘सर्व तयार मिळतें’ हें म्हणणें खरें आहे, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. ज्यांना दिवसाला दहा लंगोट धुणें झेपत नाहीं त्यांनीं खुशाल तयार लंगोट आणावेत. रांजणगांव किंवा कुरकुंभच्या कारखान्यांत आठ तास उभें राहून येणाऱ्या मुलीला आम्ही धुण्याचें महत्त्व सांगण्यास धजणार नाहीं. पण जें तयार मिळतें तें आहे काय, हें एकदां उलटून पाहावें. झालरी, जाळी, चमकणारे मणी, गळ्याशीं बांधावयाच्या लांब नाड्या, आणि बहुतेक सारें पॉलिएस्टर. चैत्र-वैशाखांत दौंडाचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या हवेंत घाम न टिपणाऱ्या जाळीच्या झग्यांत बाळाला कोंडणें, त्याचें छायाचित्र काढणें, आणि मग अंगावर घामोळें कां उठलें म्हणून वैद्याकडे धांवणें, हा क्रम आतां नवा राहिलेला नाहीं. मुलगा असल्यास निळें व मुलगी असल्यास गुलाबी हा दंडकही त्या तयार मालाबरोबरच आपल्याकडे आला. लुगड्याच्या दुपट्याला असला पक्षपात ठाऊक नव्हता. जें लुगडें विटलें त्याचें दुपटें झालें.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती जांवईबापूंना सुचली नाहीं. आजीनें शिवावयाचें म्हटलें तरी कापड कोठें आहे? आमच्या आईच्या पिढीचीं नऊवारी लुगडीं सुती होतीं. नेसून विटलीं कीं त्यांचीं बाळोतीं होत, दुपटीं होत, आणि उरलेल्यांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवली जाई. कडेपासून आरंभ करून आंत आंत जाणारा धावदोरा, टांके मोजके आणि सारखे, मध्यें एखादा ठळक रंगाचा तुकडा. त्या एका गोधडींत घरांतल्या तीन पिढ्यांचीं वस्त्रें ओळखतां येत. मग टेरिलीन, नायलॉन व पॉलिएस्टर आलें. धुण्यास सोपें, इस्त्री नको, रंग जात नाहीं. कष्टांत बुडालेल्या बायकांनीं तें हौसेनें स्वीकारलें याचा त्यांना दोष देणें हें पुरुषी शहाणपण होईल. इकडे मुंबईच्या सुती गिरण्यांचेंही तसेंच झालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार होते, आणि त्यानंतर पुष्कळ गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. या सर्वाचा परिणाम आज ट्रंक उघडतांना दिसतो. आजच्या पन्नाशीच्या बाईच्या कपाटांत साड्या रगड, पण जुनी झाल्यावर बाळाच्या उपयोगीं पडेल अशी त्यांत क्वचितच एखादी. म्हणून आमची विनंति अशी कीं, ज्या घरांत लग्नाची मुलगी आहे त्या घरानें सुती लुगडीं बोहारणीला देऊं नयेत. पितळेच्या पातेल्यापेक्षां तीं मोलाचीं आहेत.

हातच्या कामाची भलावण करतांना हातच्या मूर्खपणालाही आम्ही संरक्षण देत नाहीं. ज्येष्ठांत जन्मणाऱ्या बाळासाठीं लोंकरीचे गोंडेदार पायमोजे विणणारी आजी विलायती चित्रांची नक्कल करीत असते. आमच्या या अवर्षणी मुलखांत लोंकर लागते ती दोन-अडीच महिने. इतर वेळीं सुती दोरा वापरावा. टोपड्याला गोंडा, मणी, सुटें बटण नको. झोंपलेल्या बाळाच्या तोंडाशीं येईल अशी सैल पांघरुणाची रास, मग ती कितीही प्रेमानें शिवलेली असो, पाळण्यांत घालूं नये.

उरला वेळेचा प्रश्न. हें फावल्या वेळचें काम, असें सगळेच म्हणतात, करणारीसुद्धां. पण दौंड तालुक्यांतच केडगांव आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढलेलें शारदा सदन पुढें पुण्यास गेलें, आणि १८९६–९७ च्या दुष्काळानंतर त्यांच्या कार्याचें केंद्र केडगांवास झालें. तेथें दुष्काळांतून उचलून आणलेल्या अनाथ मुलींना व विधवांना त्यांनीं छापखाना, माग व शिवण शिकविली. रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं ज्यांना जें म्हणावयाचें तें त्यांनीं म्हणावें. पण ज्या मुलींना आजी नव्हती, माहेर नव्हतें, त्यांच्या हातीं सुई दिली ती विरंगुळा म्हणून नव्हे. केडगांवीं जें कौशल्य पोटाला भाकरी देणारें गणलें गेलें, तेंच सुशिक्षित घरांत आलें कीं फावल्या वेळचा चाळा कसें होतें? त्याचें कारण एकच दिसतें, कीं घरांत त्याचे पैसे कोणी देत नाहीं.

आणि तो चाळा असेल तर तो आजीच्याच वांट्याला कां? नामदेव महाराज शिंपी होते. शिरूर-दौंडच्या माळांवर धनगर मेंढरांमागें चालतां चालतां हातांतील चातीवर लोंकर कांतीत असत. त्यांच्या पुरुषार्थाविषयीं कोणी शंका घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. गांधींच्या काळांत आमच्याच वर्गांतले वकील व मास्तर सभेंत बसून टकळी फिरवीत. टकळी चालते आणि विणण्याची सुई चालत नाहीं, हा भेद कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे? आजोबा होऊं घातलेल्या गृहस्थांनीं सायंकाळीं वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचण्यापेक्षां एखादें टोपडें हातीं घ्यावें. आम्ही घेतलें आहे. सुलट टांका जमूं लागला. उलट टांक्यापाशीं गाडें अडलें आहे, आणि आमचें कुटुंब तें उसवून देतांना हंसतें, त्याला आमची हरकत नाहीं. मार्गशीर्षाला अद्याप अवकाश आहे.