तांदळाचे तीनशे ग्रॅम गेले कुठे?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, आज गणिताबद्दल बोलू, पण पुस्तकातल्या नव्हे, शाळेच्या कोठीतल्या गणिताबद्दल.

शिरूर-दौंड भागातली वाडीवस्तीवरची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते पाचवी, हजर मुलं २३. पोषण आहारात प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे दिवसाला २ किलो ३०० ग्रॅम. कुणीतरी हौसेने हिशोबासाठी छोटा डेटाबेस केला आणि 'वापर (किलो)' या रकान्याचा प्रकार ठेवला इंटिजर, म्हणजे पूर्णांक. आपण भरलं २.३, संगणकाने ठेवलं २. चूक दाखवली नाही, काही विचारलं नाही. २४ दिवस शाळा भरली की खरा वापर ५५.२ किलो आणि संगणकावर ४८ किलो. कागदावर ७ किलो २०० ग्रॅम तांदूळ शिल्लक, कोठीत मात्र नाही! ही ७२ ताटं झाली. आता तपासणीला आलेले साहेब कोणाकडे बघणार? संगणकाकडे नाही, मुख्याध्यापकांकडे आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडे. प्रामाणिक माणसावर संशय यावा, तोही एका रकान्यामुळे, हे मला सर्वात जास्त खटकतं.

मग फ्लोट हा दशांशाचा प्रकार निवडला की झालं? नाही. आपण मुलांना शिकवतो, की छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर दशांश रूप खंडित असतं. संगणक दोनच्या पायावर मोजतो. तिथे छेदात फक्त २ चालतो, ५ चालत नाही. त्यामुळे आपला साधा ०.१ त्याच्यासाठी अखंड आवर्ती होतो आणि तो कुठेतरी तोडावाच लागतो. ०.१ दहा वेळा मिळवला तर फ्लोटमध्ये बरोबर १ येत नाही, किंचित कमी येतं. नववीला हा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. 'हे कुठे उपयोगी पडतं सर?' या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

लहान चूक लहानच राहते असंही नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक नुसते छाटले जात होते. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास दिसत होता. दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला.

उपाय सोपा आहे. वजन आणि पैसे यांसाठी डेसिमल प्रकार घ्या. डेसिमल (१०,३) म्हणजे एकूण १० अंक, त्यातले ३ दशांश चिन्हानंतर. पण कंस विसरू नका. मायएसक्यूएलमध्ये नुसतं डेसिमल लिहिलं तर दशांश स्थळं शून्य धरली जातात आणि २.३ चे पुन्हा २ होतात. दुसरा मार्ग आपल्या जुन्या वहीचा: सगळं ग्रॅममध्ये किंवा पैशांत, पूर्णांकात लिहा. २३०० ग्रॅम कधीच तुटत नाहीत.

आणि जी संख्याच नाही, तिला संख्या म्हणू नका. सरलचा १९ अंकी विद्यार्थी आयडी एक्सेलमध्ये साध्या रकान्यात टाकून पाहा. एक्सेल १५ च अंक सांभाळतं, शेवटचे ४ शून्य होतात. मग एकाच वर्गातल्या मुलांचे आयडी सारखे दिसू लागतात. आयडीची किंवा खाते क्रमांकाची आपण बेरीज करतो का? नाही ना? मग रकाना आधी टेक्स्ट करा, नंतर क्रमांक भरा.

माझं मत स्पष्ट आहे. आसन्न किंमत काढायला आपण शिकवतो, पण ती कधी काढू नये हे शिकवत नाही. शिरूरहून दौंड किती लांब, हे अंदाजे सांगितलं तर काही बिघडत नाही. पण डेअरीवर दुधाचं फॅट ३.४ असताना ३ धरलं तर पालकहो, तुम्ही गप्प बसाल का? हिशोबात पूर्ण आकडा जपायचा, आसन्न किंमत काढायचीच तर शेवटी आणि एकदाच.

या आठवड्यात आपापल्या शाळेची फाईल उघडा आणि २.३ भरून बघा. परत २.३ च आलं, तर निर्धास्त राहा.